उतारावरची जमीन टेपने कशी मोजावी

मुळशी, भोर, पुरंदर या पट्ट्यात जमीन असलेले बरेच पुणेकर सरकारी मोजणीचा अर्ज करण्याआधी स्वतः एकदा टेप टाकून बघतात. बघावंच. फक्त ते नीट करावं, कारण चुकीच्या आकड्यावरून बांधावर सुरू झालेलं भांडण मोजणी होऊन गेली तरी मिटत नाही.

बोहरी आळीतून तीस मीटरचा फायबरचा टेप आणि गवंड्याचा जड ओळंबा आणा. कापडी टेप नको, तो ताणला की लांबतो. वीसेक खुंट्या, तीन सरळ बांबू आणि सोबतीला एक माणूस. गवत वाळल्यावर, मार्च ते मे या दिवसांत जा.

एककं आधी पक्की करा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं आणि बोलण्यात गुंठे येतात. ते दोन एक नव्हेत. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे १०१.१७. गुंठा आला साखळीतून: जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे, आणि एक साखळी लांब, एक साखळी रुंद जमीन म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. ‘गुंठा म्हणजे हजार फूट’ असं सांगणारा एजंट भेटला तर त्याला तिथेच थांबवा. दर गुंठ्यामागे ८९ फूट जातात. वीस गुंठ्यांवर १,७८० फूट, म्हणजे दीड गुंठ्याहून जास्त!

कोपऱ्यांवर बांबू रोवा, चारही बाजू मोजा आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण टाळू नका. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करायची पद्धत गावोगाव चालते. ती चौकोन काटकोनी असेल तरच बरोबर येते, नाहीतर क्षेत्र नेहमी जास्तच दाखवते. एका कर्णाने दोन त्रिकोण करा, शाळेतल्या हेरॉनच्या सूत्राने क्षेत्रफळ काढा आणि दुसऱ्या कर्णाने ताळा घ्या.

आता उतार. नकाशावरचं अंतर आडवं असतं. डोंगर वरून पाहिल्यावर जेवढा दिसेल तेवढाच धरतात, आणि सातबाऱ्यावरचं क्षेत्रही तसंच. टेप उतारावर जमिनीलगत टाकला की अंतर जास्त भरतं.

मुळशीतल्या मामांच्या तुकड्यावर मी हेच केलं होतं. सातबाऱ्यावर २० आर, आडवी बाजू ४० मीटर. उताराची बाजू ५० असायला हवी होती, टेप गवतावर टाकून ती साडेएक्कावन्न भरली. चार मीटरला एक मीटर उतार. डोळ्यांना तो फारसा वाटतही नव्हता. ‘मामा, अर्धा गुंठा जास्त भरतोय,’ असं मी सांगितलं आणि त्या भरवशावर त्यांनी गिऱ्हाइकाला शब्द दिला. मोजणी आली ती बरोबर २० आरची. मामांना शब्द मागे घ्यावा लागला. मला ते काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

म्हणून उतारावर टप्प्याटप्प्याने मोजा, आणि नेहमी वरून खाली. दोन कोपऱ्यांच्या बांबूंच्या रेषेत, थोडं खाली एक खुंटी ठोका. वरच्या माणसाने टेपचा शून्य जमिनीवरच्या खुणेला घट्ट दाबून धरायचा. खालच्या माणसाने ओळंब्याचं टोक बरोबर खुंटीच्या डोक्यावर आणून दोरा स्थिर करायचा आणि टेप दोऱ्याला टेकवायचा.

टेप आडवा आहे की नाही हे नजरेवर सोडू नका. उतारावर उभं राहिलं की नजर फसते आणि खालचं टोक हमखास कमी उंचीवर धरलं जातं. टेप ताणूनच दोऱ्यावरून हळूहळू वर-खाली सरकवा. आकडा कमी कमी होत जाईल, एका जागी सगळ्यात कमी येईल आणि मग पुन्हा वाढायला लागेल. सगळ्यात कमी आला तो आकडा लिहा. तिथे टेप आडवा असतो. मला हे एका म्हाताऱ्या गवंड्याने दाखवलं. त्यानंतर मी उतारावर लेव्हल नळी नेलेली नाही.

टप्पा ठरावीक पाच मीटरचाच व्हावा म्हणून खुंट्या हलवत बसू नका. ४.३७ आला तर ४.३७ लिहा. टेप छातीच्या वर धरावा लागत असेल तर टप्पा लांब झाला, मध्ये आणखी एक खुंटी घ्या. सपाटीकडेही दहा मीटरच्या पुढे जाऊ नका, टेपला झोळ पडतो आणि आकडा फुगतो. वारा सुटला तर ओळंब्याच्या बाजूला छत्री धरा. प्रत्येक टप्पा मोठ्याने बोला आणि तिथेच वहीत लिहा, बेरीज घरी. तीच बाजू वेगळ्या खुंट्यांवर पुन्हा मोजा. पन्नास मीटरला दहा सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा मोजा. कर्णांनाही हाच नियम, कारण कर्णही उतरतोच.

आलेख कागदावर एक सेंटिमीटरला पाच मीटर धरून आकृती काढा.

या आकृतीने हद्द ठरत नाही. बांधावर वाद असेल तर भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. भूकरमापक येतील त्या दिवशी आकृती खिशात ठेवा, पण त्यांना वहिवाट जशी आहे तशीच दाखवा. नकाशाची क प्रत, म्हणजे मोजणीनंतर अर्जदाराला मिळणारी नक्कल, हातात आली की बाजूंची लांबी आपल्या वहीशी लावून बघा. बाजू जुळत असतील आणि फक्त क्षेत्र जुळत नसेल तर आधी आपला गुणाकार तपासा.