फाउंड्रीतील संगणकप्रमुखाचे काम : नव्याने येणाऱ्यांसाठी

बेळगावच्या उद्यमबागेतील एका फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, मी संगणक विभागात रुजू झालो, तेव्हा हिशेबाचे सॉफ्टवेअर आणि रोजचा बॅकअप सांभाळणे एवढेच माझे काम होते. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, पुढच्या एप्रिलपासून परराज्यात जाणाऱ्या मालाला ऑनलाइन काढायचे मालवाहतुकीचे ई-वे बिल लागू लागले, आणि आमच्या दृष्टीने कोल्हापूरही परराज्यच असल्यामुळे बिलाअभावी भरलेला ट्रक फाटकाशी थांबू लागला. डिस्पॅचची वेळ माझ्या टेबलावर ठरू लागली ती तेव्हापासून.

पुढे ईआरपी, म्हणजे कारखान्याच्या सगळ्या विभागांच्या नोंदी एकत्र ठेवणारे सॉफ्टवेअर, बसवताना मात्र माझ्या हातून मोठी चूक झाली. भट्टीतील प्रत्येक वितळणीला हीट नंबर असतो आणि त्यावरून कास्टिंगचा, म्हणजे ओतलेल्या नगाचा, माग काढता येतो; म्हणून नाकारलेल्या प्रत्येक नगामागे कारण नोंदवणे मी सक्तीचे केले. कारणांच्या इंग्रजी यादीत पहिले ‘ब्लो होल’ (वायूमुळे नगात पडणारी पोकळी) होते आणि जवळजवळ सगळ्या नोंदी त्याखालीच येऊ लागल्या. वाळूत ओलावा जास्त असावा, असे समजून आम्ही कित्येक आठवडे वाळू तपासत राहिलो.

अखेर मी रात्रपाळीला जाऊन बसू लागलो. साचे बनवणारे एक ज्येष्ठ मोल्डर म्हणाले, “साहेब, खरं कारण टाकलं की सकाळच्या मीटिंगमध्ये आमचंच नाव निघतंय.” त्यांच्या खिशातील वहीत मात्र लॅडल (वितळलेला धातू वाहून नेण्याचे भांडे) भट्टीपासून साच्यापर्यंत किती वेळाने पोहोचली, याची रोजची नोंद होती. उशीर झाला की धातू निवतो, साच्यात त्याचे प्रवाह नीट एकजीव होत नाहीत आणि ‘कोल्ड शट’ हा दोष येतो. आमचे बरेचसे नग त्यामुळेच जात होते.

मालकांशी बोलून मी अहवालातून माणसांची नावे काढली आणि दोषांची यादी छायाचित्रांसह मराठी व कन्नडमध्ये केली. या पदावर येणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की, सॉफ्टवेअर निवडण्याआधी प्रत्येक पाळीत काही दिवस काढावेत आणि त्यातून निघणाऱ्या आकड्यांवरून कोणाला जाब विचारला जाणार, हे ठरवताना स्वतः बैठकीत असावे. हा अधिकार पद स्वीकारतानाच मागावा. मी तो फार उशिरा मागितला.

मोल्डरांच्या वहीतील लॅडलच्या वेळेचा रकाना आता आमच्या ईआरपीत आहे, आणि तो कसा भरायचा हे नव्या कामगारांना तेच शिकवतात.