ब्रँडेड ग्राफिक्स वर्कस्टेशन घ्यावं की लिनक्सवाला असेंबल्ड पीसी?

ग्राफिक्सच्या कामासाठी मशीन घ्यायचं ठरलं की आपण थेट दुकान गाठतो आणि प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स कार्ड यांची बोलणी सुरू होतात. त्याआधी एक वही घ्या. रोज जी जी सॉफ्टवेअर उघडता ती लिहा, आणि क्लायंट कोणत्या फाइली मागतो तेही शेजारी लिहा. निम्मा निर्णय त्या पानावरच होतो.

यादीत सॉलिडवर्क्स, थ्रीडीएस मॅक्स, कोरलड्रॉ किंवा फोटोशॉप असेल आणि त्यावाचून काम अडत असेल, तर मुख्य मशीनवर लिनक्स (विंडोजच्या जागी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) नको. यातलं एकही लिनक्ससाठी निघत नाही. वाइन (विंडोजची सॉफ्टवेअर लिनक्सवर चालवू पाहणारा प्रोग्रॅम) टाकून चालवून दाखवणारे भेटतात, पण पोटापाण्याचं काम त्या भरवशावर ठेवू नये. डीटीपीवाल्यांनी, म्हणजे छपाईची पानं जुळवणाऱ्यांनी, तर जास्तच जपावं. वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका आणि दिवाळी अंकांची पानं युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षर-पद्धतीच्या आधीच्या फॉन्टांमध्ये बांधलेली असतात. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती उघडली तरी अक्षरांची पार खिचडी होते.

याउलट ब्लेंडर, माया, हूडिनी, न्यूक ही थ्रीडी आणि इफेक्टची सॉफ्टवेअर लिनक्सवर उत्तम चालतात. मोठ्या व्हीएफएक्स (सिनेमाचे व्हिज्युअल इफेक्ट करणाऱ्या) स्टुडिओंमध्ये वर्षानुवर्षं लिनक्सच वापरात आहे. व्हिडिओ एडिटिंगचं डाविंची रिझॉल्व्हही आहे, मात्र त्याच्या मोफत आवृत्तीत एच.२६४ या नेहमीच्या व्हिडिओ प्रकारातल्या फाइलींचा अडथळा येऊ शकतो. तुमच्या कॅमेऱ्याची क्लिप आधी उघडून पाहा, मगच ठरवा.

आता दुसरं काम, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. समोर बसून करायचं काम आणि मागे चालत राहणारं काम वेगवेगळं मोजा. मॉडेलिंग, लायटिंग, ड्रॉइंग हे समोरचं. रेंडर, म्हणजे तयार सीनची अंतिम चित्रं मशीनकडून काढून घेणं, हे मागचं. ही विभागणी जुनी आहे. १९९०च्या दशकात थ्रीडी करायचं म्हणजे सिलिकॉन ग्राफिक्स (एसजीआय) या कंपनीचं यंत्र आणि त्यावर आयरिक्स ही तिची स्वतःची युनिक्स जातीची ऑपरेटिंग सिस्टीम, असा खर्चिक मामला होता. १९९७च्या ‘टायटॅनिक’साठी डिजिटल डोमेन या स्टुडिओने रेंडरिंगला डेक अल्फा प्रोसेसरची शंभराहून अधिक यंत्रं लिनक्सवर चालवली. स्टुडिओत एसजीआयची यंत्रं होतीच. मागचं ओझं तेवढं स्वस्तातल्या यंत्रांवर टाकलं. पुढे पीसीची कार्डंच इतकी तगडी झाली की २००६मध्ये आणि पुन्हा २००९मध्ये सिलिकॉन ग्राफिक्सला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

हाच हिशोब घरी करून बघा. सेकंदाला २५ फ्रेम (सुटी चित्रं) धरल्या तर एका मिनिटाच्या अ‍ॅनिमेशनच्या १,५०० फ्रेम होतात. एका फ्रेमला ४ मिनिटं लागली तर एका मशीनला १०० तास, म्हणजे चार दिवसांहून जास्त. तशीच चार मशीन लावली तर २५ तास. एक फ्रेम दुसरीसाठी सहसा थांबत नाही, म्हणून इथे मशीनची संख्या कामाला येते. अशा मशीनला चांगला मॉनिटर नको, विंडोजचं लायसन्स नको आणि ब्रँडची पाटीही नको. मागच्या कामासाठी मी डोळे झाकून असेंबल्ड पीसी आणि लिनक्सच सांगेन.

समोरच्या मशीनचा प्रश्न इतका सरळ नाही. ब्रँडेड वर्कस्टेशनला, म्हणजे कंपनीने जड कामासाठी तयार करून विकलेल्या मशीनला, जादा पैसे मोजता ते मुख्यतः तीन गोष्टींसाठी : चूक आपली आपण दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी, सॉफ्टवेअर कंपनीने तपासून मान्य केलेलं कार्ड आणि ड्रायव्हर (ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम), आणि जागेवर येऊन दुरुस्ती. कॅडवाल्यांना, म्हणजे कॉम्प्युटरवर यंत्रांचे आणि इमारतींचे आराखडे काढणाऱ्यांना, दुसऱ्या गोष्टीचं मोल कळतं. मॉडेल फिरवताना कडा गायब झाल्या म्हणून मदत मागितली, की कार्ड मान्य यादीत आहे का, हे आधी बघितलं जातं. ईसीसी मात्र काही असेंबल्ड बोर्डांवरही चालते, बोर्डाच्या कागदात शोधा. आणि दुरुस्तीचं म्हणाल, तर मशीन एक दिवस बंद पडलं की तुमचे किती रुपये बुडतात हा आकडा काढा. दोन मशीनमधला किमतीचा फरक तीन-चार दिवसांच्या नुकसानीएवढाच असेल, तर वर्कस्टेशन घ्या.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत कंपन्यांनी वापरून काढलेली वर्कस्टेशनं स्वस्तात दिसली तर झाकण उघडायला सांगा. पुष्कळदा त्यांचा पॉवर सप्लाय आणि बोर्ड त्या कंपनीच्याच वेगळ्या मापाचे असतात, बाजारातला सप्लाय बसत नाही आणि मोठं कार्ड लावायचं स्वप्न तिथेच अडतं.

लिनक्सकडे कल झाला तर पैसे द्यायच्या आधी चाचणी घ्या. पेनड्राइव्हवर उबुंटू किंवा फेडोरा यांपैकी एक लिनक्स घेऊन जा आणि काही इन्स्टॉल न करता त्यावरून मशीन सुरू करा. वायफाय, दुसरा मॉनिटर, आवाज बघा. पेन टॅब्लेट जोडून एक रेघ हलक्या हाताने आणि एक दाबून ओढा, दोन्ही सारख्याच जाड आल्या तर दाब पोचत नाहीये. कार्डाची खरी परीक्षा मात्र त्याचा ड्रायव्हर नीट बसवलेल्या मशीनवरच होते. ओळखीच्या कुणाकडे तेच कार्ड असेल तर तिथे स्वतःचा सगळ्यात जड सीन रेंडर करा आणि कार्डाची मेमरी किती भरते ते बघत राहा. १२ जीबीच्या कार्डात ११ भरले, तर पुढच्या प्रोजेक्टला ते कार्ड पुरणार नाही.

लिनक्स घेतल्यावर एक शिस्त पाळा : प्रोजेक्ट चालू असताना अपडेट नाही. मी एकदा डिलिव्हरीच्या आदल्या रात्री कर्नल (लिनक्सचा गाभा) अपडेट केला. सकाळी मशीन सुरू केलं तर काळा पडदा आणि कोपऱ्यात लुकलुकणारी एक रेघ. नव्या कर्नलसाठी कार्डाचा ड्रायव्हर तयारच झाला नव्हता. बूटच्या मेन्यूत जाऊन जुना कर्नल निवडला की मशीन दोन मिनिटांत चालू होतं, हे मला दुपारी कळलं. तोवर अर्धा दिवस गेला होता. म्हणून जुना कर्नल कधी काढून टाकू नका, आणि तो मेन्यू आणायला कोणती कळ दाबायची ते मशीन धडधाकट असतानाच एकदा करून बघा.