आईबाबा वेगळे झालेल्या मुलाची गोष्ट लिहिताय? या चुका टाळा

घटस्फोटावरच्या बालकथेत सगळ्यात मोठी चूक शेवटच्या पानावर होते. मूल तापाने फणफणतं किंवा घरातून निघून जातं, आईबाबा दवाखान्यात भेटतात, रडतात आणि पुन्हा एकत्र राहू लागतात. पण ज्या वाचकाचे आईबाबा खरंच वेगळे झालेत, त्याला यातून काय कळतं? आपण पुरेसं आजारी पडलो, शहाण्यासारखं वागलो, तर बाबा परत येतील. ते आले नाहीत की दोष तो स्वतःकडे घेतो. लहान मुलांना तर तसंही वाटत असतं, की मी हट्ट केला म्हणूनच हे झालं. असा शेवट मला मुलांवर अन्याय वाटतो. आईबाबांनी एकत्र यावं ही इच्छा कथेत भरभरून येऊ द्या, फक्त ती पूर्ण करू नका. सोडवायला दुसरी, मुलाच्या आवाक्यातली अडचण शोधा.

आपल्या नागपुरात ती तान्ह्या पोळ्यातच सापडेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. समजा, मुलगी आता आईसोबत मनीषनगरला राहते आणि तिचा बैल जुन्या महाल भागातल्या घरी, बाबांकडे राहिलाय. तो आणायचा कोणी? आईने फोन करायचा की तिने? बोजारा कुठल्या गल्लीत मागायचा? जुन्या गल्लीतल्या काकूंनी "आई नाही आली का गं?" विचारलं तर काय सांगायचं? मसुदा अडला असेल तर अशी एक वस्तू दुसऱ्या घरी राहू द्या आणि मुलाला तिच्यामागे जाऊ द्या.

कोर्टाचा प्रसंग बहुतेक जण सिनेमातून उचलतात. पिंजऱ्यात उभं राहून "मला दोघंही हवेत" म्हणणारं मूल काढून टाका. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात आणि मुलाशी बोलायचं झालं तर न्यायाधीश सहसा आपल्या दालनात बोलतात. समज आलेल्या मुलाचं मत विचारात घेतलं जातं, पण निकाल त्याला द्यायचा नसतो. हे कथेत जरूर सांगा, कारण आई की बाबा हे आपल्यालाच ठरवावं लागेल या भीतीने मुलं झोपत नाहीत.

आठवड्यात घटस्फोट मिळालेला दाखवू नका. हिंदू विवाह कायद्यानुसार परस्पर संमतीचा अर्ज करायलाही आधी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, आणि अर्जानंतर साधारण सहा महिने थांबावं लागतं. २०१७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हे सहा महिने काही प्रकरणांत माफ होतात, एवढंच. म्हणजे मधे एक दिवाळी जाते, वार्षिक परीक्षा जाते, शाळेच्या फॉर्मवर दोघांच्या सह्या लागतात. मुलाची खरी गोष्ट याच महिन्यांत घडते.

बाबा दारुडे आणि आई देवी, किंवा याच्या उलट, असं करू नका. मुलाचा जीव दोघांवर असतो. आजीच्या तोंडीही समुपदेशकाचं भाषण नको. महालातली आजी "कायले रडतं बाप्पा, जेव आधी" म्हणेल आणि ताट वाढेल.

आणखी एक बारीकसं. सुट्टीची वाटणी दाखवत असाल तर तारखा तपासा. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. "अर्धी सुट्टी बाबांकडे" म्हणजे नेमकी कधीपासून कधीपर्यंत, हे तुमच्या नायिकेने कॅलेंडरवर खुणा करून ठेवलेलं असणार. तुम्हालाही ते तिच्याइतकंच पक्कं माहीत हवं.