वैद्यकीय शब्दांचा विग्रह कसा करावा

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून मुंबईत नर्सिंग, डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) किंवा एक्स-रे टेक्निशियनच्या अभ्यासक्रमाला आलेल्या विद्यार्थ्यांना पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त धास्ती वाटते ती शब्दांची. त्यावर बहुतेक जण पाठांतराची वही घालतात आणि रोज एक पान भरतात. माझ्या मते हा मार्ग लांबचा आहे. वैद्यकीय शब्द बहुतांशी ग्रीक आणि लॅटिन धातूंचे समास असतात, आणि समासाचा विग्रह करण्याची सवय मराठी शाळेने आपल्याला आधीच लावलेली आहे.

डिस्चार्ज कार्डावर वारंवार दिसणारी एक ओळ घ्यावी: ‘इलेक्टिव्ह लॅपरोस्कोपिक कोलेसिस्टेक्टमी’. शेवटचा शब्द आधी फोडावा आणि तोही शेपटीकडून. ‘एक्टमी’ म्हणजे कापून काढणे, ‘सिस्ट’ म्हणजे पिशवी, ‘कोले’ म्हणजे पित्त. म्हणजेच पित्ताची पिशवी काढण्याची शस्त्रक्रिया. ‘लॅपरो’ म्हणजे पोट आणि ‘स्कोपिक’ म्हणजे दुर्बिणीतून पाहून केलेली. ‘इलेक्टिव्ह’ याचा अर्थ तातडीची नसून आधी दिवस ठरवून केलेली. एवढे कळले की ‘अपेंडेक्टमी’ (अपेंडिक्स काढणे) आणि ‘हिस्टरेक्टमी’ (गर्भाशय काढणे) यांत फक्त अवयव नवा उरतो.

म्हणून प्रत्ययांपासूनच सुरुवात करावी, कारण ते मोजके असून सर्वत्र येतात. ‘आयटिस’ म्हणजे दाह, ‘अल्जिया’ म्हणजे वेदना, ‘इमिया’ म्हणजे रक्तातील स्थिती, ‘यूरिया’ म्हणजे लघवीतील. ‘टॉमी’ म्हणजे छेद घेणे, तर ‘स्टॉमी’ म्हणजे बाहेर उघडणारे तोंड तयार करणे. थोरॅकोटॉमी (छातीवर छेद घेणे) आणि कोलोस्टॉमी (मोठ्या आतड्याचे तोंड पोटावर उघडणे) यांतील शेवटच्या भागांचा फरक या एका ‘स’मध्ये आहे. ‘ओमा’ म्हणजे गाठ, मात्र प्रत्येक ‘ओमा’ कर्करोगाची नसते: लायपोमा ही चरबीची साधी गाठ असते आणि हिमॅटोमा म्हणजे साकळलेले रक्त. एका अवयवाला दोन नावे दिसली तर गोंधळू नये. मूत्रपिंडासाठी ‘नेफ्रो’ ग्रीक आणि ‘रीनल’ लॅटिन, फुप्फुसासाठी ‘न्यूमो’ ग्रीक आणि ‘पल्मनरी’ लॅटिन. अशा जोड्या एकत्रच लिहून ठेवाव्यात.

यानंतर दिशा शिकाव्यात, आणि येथे घाई करू नये. शरीराचे वर्णन नेहमी एकच स्थिती गृहीत धरून केले जाते: माणूस सरळ उभा, तोंड समोर, हात बाजूला आणि तळवे पुढे. विरारच्या लोकलमध्ये कोणी वरचे हँडल धरून उभा असेल, तर त्याचा पंजा डोक्याच्या वर असतो. तरीही परिभाषेत पंजा कोपराच्या ‘डिस्टल’, म्हणजे खांद्यापासून दूरच्या बाजूला, असेच म्हटले जाते. उजवे-डावे नेहमी रुग्णाचे धरावे, पाहणाऱ्याचे नव्हे. सीटी स्कॅनमधील आडवा छेद रुग्णाच्या पायांकडून पाहिल्यासारखा दाखवतात. म्हणून उजवीकडचे यकृत चित्रात आपल्या डाव्या हाताला दिसते. हे मनात पक्के बसेपर्यंत रोज एक चित्र समोर ठेवून स्वतःच्या अंगावर हात ठेवत बोलावे. पाठीचे मणकेही असेच बोटाने चाचपून शिकता येतात: मानेचे 7, छातीमागचे 12 आणि कंबरेचे 5. मग अहवालातील ‘एल 4-एल 5’ (‘एल’ म्हणजे लंबर, कंबरेचा) म्हणजे कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधील जागा, हे आपोआप उमगते.

मराठी बोलणाऱ्यांना खरी अडचण येते ती आपल्या रोजच्या शब्दांमुळे. आपला ‘हात’ खांद्यापासून बोटांपर्यंत पसरलेला असतो. शरीरशास्त्रात ‘आर्म’ म्हणजे फक्त खांदा ते कोपर, त्यापुढे ‘फोअरआर्म’ आणि मनगटापुढे ‘हँड’. तसेच ‘लेग’ म्हणजे फक्त गुडघा ते घोटा. ‘शीर’ तर आपण रक्तवाहिनीलाही म्हणतो आणि ‘शीर दबली’ म्हणताना मज्जातंतूलाही. ओपीडीत आजी ‘शीर आखडली’ म्हणाल्या, तर केस पेपरवर काही लिहिण्यापूर्वी त्यांना बोटाने जागा दाखवायला सांगावे आणि दुखते, मुंग्या येतात की सूज आहे, हे विचारावे. महापालिकेच्या रुग्णालयांतील मराठी पाट्याही या अभ्यासाला उपयोगी पडतात. ‘अस्थिव्यंगोपचार विभाग’ वाचताना ‘ऑर्थोपेडिक्स’ हा शब्द जोडीने म्हणावा.

सारखे ऐकू येणारे शब्द वेगळ्या पानावर ठेवावेत. ‘हायपरग्लायसेमिया’ म्हणजे रक्तातील साखर वाढणे आणि ‘हायपोग्लायसेमिया’ म्हणजे ती उतरणे. उपचार परस्परविरुद्ध असल्यामुळे फोनवर निरोप देताना नुसता शब्द न सांगता साखरेचा आकडाही सांगावा. ‘इलियम’ हा उच्चार लहान आतड्याच्या शेवटच्या भागालाही लागू होतो आणि कंबरेच्या रुंद हाडालाही. आतड्याच्या स्पेलिंगमध्ये एलनंतर ई येतो, हाडाच्या स्पेलिंगमध्ये आय.

लघुरूपे मात्र सर्वांत शेवटी शिकावीत, कारण त्यांचा विग्रह होत नाही. ‘बीडी’ म्हणजे दिवसातून दोनदा, ‘टीडीएस’ म्हणजे तीनदा, ‘एसओएस’ म्हणजे गरज पडल्यासच. ‘ओडी’ गोळीपुढे असेल तर दिवसातून एकदा. नेत्रविभागाच्या कागदावर त्याचाच अर्थ उजवा डोळा होतो. डोळ्यांच्या थेंबांच्या चिठ्ठीवर ‘ओडी’ दिसले की अंदाज न करता लिहिणाऱ्या डॉक्टरांना विचारावे आणि रुग्णाला देताना ‘उजव्या डोळ्यात’ किंवा ‘दिवसातून एकदा’ असे पूर्ण शब्द कागदावर लिहून द्यावेत.