सणांची खातेवही

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. दिवसभर जमा-नावे लिहायचं, संध्याकाळी मेळ घालायचा. घरातल्या सणांचीही अशीच वही घालावी लागेल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं. 2017 साली आई गेली. पुढच्या होळीला पुरण शिजवायला घेतलं तेव्हा कळलं, की चार माणसांना किती डाळ लागते हे घरात कुणालाच ठाऊक नाही. आईच्या मुठीला ठाऊक होतं, ती मुठीनेच मोजायची. बायको नर्स, त्या दिवशी तिची दुपारपाळी. मी अंदाजानं गूळ टाकला. पुरण इतकं सैल झालं की शेवटी वाटीत घेऊन वर दूध ओतून खाल्लं. पोरं म्हणाली, "बाबा, खीर मस्त झालीये."

त्या रात्री दोनशे पानी वही काढली. वर्षाचे सण नीट पार पाडायचे असतील तर तुम्हीही काढा. फोनमध्ये लिहू नका. कणकेच्या हाताने फोन उघडत नाही, आणि वहीवर तुपाचे डाग पडले तरी ती चालते.

सुरुवात जानेवारीत. नवं कालनिर्णय भिंतीला लागलं की पेन घेऊन बसायचं. सणाच्या तारखेला खूण करू नका, ती छापलेलीच आहे. खूण हवी काम सुरू होतं त्या दिवशी. आमच्या घरचा हिशेब असा: दिवाळीला पंधरा दिवस, गौरीला आठ, संक्रांतीला चार, पाडव्याला दोन, होळीला आदली संध्याकाळ. गणपतीची मूर्ती आषाढातच सांगून ठेवायची. कोजागरीला काहीच नाही, दूधवाल्याला सकाळी दोन लिटर जास्त सांगितलं की झालं. बायकोच्या पाळ्या महिन्या-महिन्याला कळतात, म्हणून त्या पेन्सिलीनं.

गेल्या वर्षीच्या तारखांवर विसंबू नका. चांद्र वर्ष साधारण 354 दिवसांचं, त्यामुळे सण दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतात, आणि अधिक महिना आला की एकदम पुढे, उशिरा जातात. 2025 मध्ये गणपती 27 ऑगस्टला बसले. 2026 ला अधिक ज्येष्ठ, म्हणून ते 14 सप्टेंबरला. अधिकाच्या वर्षी जावयाच्या अनारशांचा वेगळा खर्च धरायचा, हे माझ्या सासऱ्यांनी मला फार उशिरा सांगितलं. संक्रांत तेवढी सूर्याची, 14 किंवा 15 जानेवारी सोडून कुठे जात नाही.

आता पुरण. आमच्याकडे होळी, बेंदूर (बैलांचा सण) आणि गौरी असं वर्षातून तीनदा होतं, म्हणून ते वहीच्या पहिल्याच पानावर आहे. अर्धा किलो हरभऱ्याची डाळ, अर्धा किलो गूळ, पोळ्या अठरा ते वीस. डाळ आधी दोन तास भिजवायची. शिजताना पाणी भरपूर ठेवायचं, कारण येळवणीची आमटी त्यावरच होते. डाळ बोटानं दाबली की मोडली पाहिजे, पण गिच्च होता कामा नये. मग चाळणीत उपसायची आणि पूर्ण निथळू द्यायची. पहिल्या वर्षी माझं इथंच चुकलं. पाणी निथळायच्या आतच मी गूळ घातला. गूळ वितळला की त्याचंही पाणी सुटतं, आणि मग कितीही हलवा, ते आटत नाही. निथळलेल्या डाळीत गूळ घालून मध्यम आचेवर हलवत राहा. पुरण कडेनं सुटायला लागतं, फटफट आवाज करत उडतं, म्हणून लांब दांड्याचा कालथा घ्या. तो मधोमध रोवून सोडला आणि उभा राहिला, की गॅस बंद. वेलची-जायफळ त्यानंतर. वाटायचं गरम असतानाच. गार झालं की यंत्राची मूठ फिरत नाही. कणीक सैलसर मळून तेल लावून दोन तास तरी झाकून ठेवा.

पोळ्या मात्र बायको लाटते. माझ्या अजून फुटतात.

पाडव्याचं पान छोटं आहे. वेळूची काठी एकदाच घ्या, दरवर्षी पुसून माळ्यावर आडवी ठेवा. गाठी आदल्या रात्री आणली तर डब्यात बंद ठेवा. एका वर्षी सकाळी बघतो तर मुंग्यांनी आमच्याआधी पाडवा साजरा केला होता. कडुलिंबाचा कोवळा पाला, भिजवलेली डाळ, गूळ, ओवा, जिरे, हिंग, मीठ एकत्र वाटायचं. गूळ थोडा जास्त घातला तर पोरं तोंड वाकडं न करता खातात. गुढी सूर्यास्ताआधी उतरवायची. तो आमच्या यार्डात हळदीच्या सौद्यांचा ऐन हंगाम असतो, मी घरी पोचेपर्यंत अंधार पडतो, म्हणून उतरवण्याचं काम थोरल्या मुलाच्या नावे लिहिलंय.

नावे लिहिणं हे महत्त्वाचं. "सगळे मिळून करू" म्हटलं की एकटी बायको करते. वहीत प्रत्येक कामापुढे एकच नाव हवं. नागपंचमीला चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, त्यामुळे दिंडं उकडायची. ती माझ्याकडे. वटपौर्णिमेला बाजारातली तोडलेली फांदी आणायची नाही, वडापाशी जायचं. गाडी काढणं माझ्याकडे. दीप अमावास्येला समया चिंचेनं घासणं धाकट्याकडे, आणि त्याबद्दल त्याला कणकेचा गोड दिवा एक जास्त.

गौरीचं पान लिहिताना एक लक्षात ठेवा. गणपती तिथीवर बसतो, गौरी नक्षत्रावर येतात. अनुराधावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मुळावर विसर्जन. म्हणून गणपतीनंतर कितव्या दिवशी हे दरवर्षी पंचांगात बघायचं, ठरीव दिवस धरून रजा टाकायची नाही. मी एकदा तशी टाकली आणि गौरी जेवल्या त्या दिवशी कामावर होतो. आठ दिवस आधी पेटी खाली काढा, साड्यांना ऊन दाखवा, मुखवट्यांचा रंग बघा, पूजेच्या ताटांची मोजणी करा. सोळा भाज्या मंडईत पूजनाच्या सकाळी दामदुप्पट असतात. भोपळा, सुरण, अळकुड्या अशा टिकणाऱ्या आधीच आणा, पालेभाज्या तेवढ्या त्या दिवशी.

2019 च्या पानावर मात्र चारच ओळी आहेत. ऑगस्टात कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं, आमच्या खालच्या खोलीत छातीइतकं. गौरींची पेटी तिथंच होती. पाणी ओसरल्यावर उघडली तर शाडूचे मुखवटे विरघळून तळाशी मातीचा थर बसला होता, वर आईची हिरवी साडी. सप्टेंबरच्या सुरुवातीला गौरी आल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे, कोकणस्थांकडे खड्यांच्याच असतात की. घाटावरून पाच खडे घेऊन ये." सुपात पाच खडे ठेवले, भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवला. वहीत लिहिलंय: "खडे 5. सूप काकूंचं. भाकरी. झालं." त्यानंतर पेटी माळ्यावर ठेवतो. नदीकाठी राहत असाल तर तुम्हीही ठेवा.

दसऱ्याला आपटा म्हणून पुष्कळदा कांचनाचा पाला विकतात. आपट्याचं पान लहान, जाडसर. कांचनाचं मोठं आणि पातळ. घरातल्या माणसागणिक एकेक पान पुरतं, फांदी कशाला?

दिवाळीच्या चकलीची भाजणी: तांदूळ एक किलो, हरभरा डाळ अर्धा, उडीद डाळ आणि मूगडाळ पाव-पाव, धणे 100 ग्रॅम, जिरे 50. तांदूळ धुऊन सावलीत खडखडीत वाळवा, मग सगळं वेगवेगळं मंद भाजा. गिरणीत मात्र उभं राहा आणि "तांदळावर दळा" असं बजावून सांगा. गव्हावर दळली की चकली चिवट होते, आणि दोष तळणाऱ्याला लागतो. बाकी करंज्या, अनारसे आम्ही गल्लीतल्या बचत गटाकडून घेतो. आई असती तर बोलली असती. पण चकली आणि बेसनाचे लाडू घरचे, बाकी विकतचे, असं ठरवल्यापासून नरक चतुर्दशीच्या पहाटे बायको उटणं लावायला जागी असते, झोपेनं पेंगत नसते. लक्ष्मीपूजनाला मला अडतीवर वहीपूजन असतं, म्हणून घरची पूजा आम्ही दिवेलागणीलाच उरकतो.

प्रत्येक सणाच्या दुसऱ्या दिवशी, भांडी जागेवर जायच्या आत, दोन ओळी लिहा: काय उरलं, काय कमी पडलं. आठ दिवसांनी आठवत नाही. माझ्या वहीत सलग तीन संक्रांती "तिळाच्या वड्या अर्धा किलो उरल्या" असं आहे. चौथ्या वर्षी अर्धा किलो कमी केल्या, तर रथसप्तमीपर्यंत पुरल्या नाहीत, कारण त्याच वर्षी बायकोनं हळदीकुंकवाला अख्खा वॉर्ड बोलावला होता. म्हणून आता "कोण आलं होतं" हाही रकाना आहे.

शेवटचं पान उसनवारीचं ठेवा. कुणाचं काय आपल्याकडे आहे, आपलं कुणाकडे गेलंय. माझ्या पानावर आत्ता एकच नोंद उघडी आहे: पुरणयंत्र, काकूंकडे, बेंदरापासून. मागायला जायला हवं, पण सूप अजून आमच्याकडेच आहे.