माशांच्या टँकमधलं नायट्रेट उतरतच नाही? घरच्या घरी कॉइल फिल्टर असा बनवा

दर आठवड्याला बादल्या उपसूनही नायट्रेट टेस्टच्या ट्यूबमधला लाल रंग (म्हणजे जास्त नायट्रेट) जात नसेल तर आधी टँक सोडा आणि नळाचं पाणी टेस्ट करा. सोसायटीत बोअर किंवा टँकरचं पाणी येत असेल तर नक्कीच करा, कारण पिण्याच्या पाण्यात ४५ पीपीएमपर्यंत (लिटरमागे ४५ मिलिग्रॅम) नायट्रेट आपल्या भारतीय मानकातच चालतं, म्हणजे माणसाला चालणारं पाणी टँकमध्ये ओततानाच ४० घेऊन येऊ शकतं, आणि मग कितीही पाणी बदला, आकडा तिथल्या तिथे. गोड्या पाण्यात २० च्या आसपास असलं की बरं, ४० च्या वर नको. दोन बाटल्यांचं लिक्विड किट असेल तर दुसरी बाटली अर्धा मिनिट जोरात हलवा, तिच्यातलं केमिकल तळाशी बसतं आणि न हलवता टाकलं तर रिझल्ट उगाच छान येतो.

नेहमीचा फिल्टर काय करतो, तर माशांच्या घाणीतून येणाऱ्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट, आणि तिथेच थांबतो, कारण ते बॅक्टेरिया ऑक्सिजनवर जगतात. नायट्रेट फोडून त्याचा नायट्रोजन गॅस करणारे बॅक्टेरिया वेगळे, ऑक्सिजन संपला की ते नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरायला लागतात. म्हणून पाणी आधी लांबलचक नळीतून अगदी हळू न्यायचं, नळीत बसलेले बॅक्टेरिया ऑक्सिजन खाऊन टाकतात आणि पुढच्या डब्यात खरं काम होतं.

चार-पाच गप्पी असतील तर हा सगळा खटाटोप करू नका, मनी प्लांटच्या फांद्या मुळं पाण्यात आणि पानं बाहेर अशा टँकच्या कडेला अडकवा, तेवढं पुरतं. ऑस्कर, गोल्डफिश असे जास्त घाण करणारे मासे पाळणाऱ्यांनी पुढे वाचा.

सामान हार्डवेअरच्या आणि ॲक्वेरियमच्या दुकानात मिळतं. ४ इंची पीव्हीसी पाइप २ फूट आणि त्याच्या दोन एंड कॅप, आत बसवायला दीड इंची पाइप त्याच्या कॅपसकट, १५ मीटर एअर ट्यूब, सिरॅमिक रिंग (यांच्यावर बॅक्टेरिया बसतात), पाणी ढकलणारी एक छोटी मोटर, तिच्या तोंडाला स्पंज, आणि एअर ट्यूबला लावतात तो प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह.

बारीक पाइपची दोन्ही टोकं कॅप लावून बंद करा, नाहीतर आत पाणी साचून कुजतं. त्यावर एअर ट्यूब एकाला एक चिकटून गुंडाळा, १५ मीटर एका थरात बसते, मध्ये मध्ये केबल टाय मारा आणि खालचं टोक तळाशी उघडं सोडा. हे मोठ्या पाइपात उतरवा, आजूबाजूच्या जागेत रिंग भरा. वरच्या कॅपला दोन भोकं, एकातून नळी आत, दुसऱ्यातून पाणी बाहेर. बाहेरचं भोक वरच हवं कारण नायट्रोजनचे बुडबुडे वर जमतात आणि तिथूनच निघून जातात. जोड सॉल्व्हेंट सिमेंटने पक्के करा आणि वास पूर्ण जाईपर्यंत वाळू द्या, घाई नको. मग रात्रभर बादलीच्या पाण्यावर चालवून गळती बघा, हे न करता थेट हॉलमध्ये लावलं तर घरचे तुम्हालाच बाहेर काढतील.

आता लावायचं. जुन्या फिल्टरचा स्पंज पिळून ते पाणी वरच्या भोकातून आत ओता, तयार बॅक्टेरिया फुकट मिळतात. मोटर टँकमध्ये, तिला आत जाणारी नळी जोडलेली, फिल्टर शेजारी उभा, आणि बाहेर येणाऱ्या नळीवर व्हॉल्व्ह. खोकल्याच्या औषधाच्या मापात मिनिटभर पाणी धरा, ३ मिली यायला हवं. दिवसाला साधारण सव्वाचार लिटर झालं, ऐकायला थोडं वाटतं पण तेवढंच हवंय. बाहेरच्या पाण्यात ऑक्सिजन नसतो, म्हणून ते स्पंज फिल्टरच्या जवळ थेंब थेंब पडू द्या.

पुढचे ४ ते ८ आठवडे हात लावायचा नाही, आणि बरेच फिल्टर इथेच वाया जातात कारण लोकांना रोज व्हॉल्व्ह फिरवल्याशिवाय चैन पडत नाही. मधल्या काळात बाहेरच्या पाण्यात नायट्राइट दिसेल, घाबरू नका, काम अर्धवट होतंय एवढाच त्याचा अर्थ. बॅक्टेरियाला कार्बनही लागतो, तेव्हा महिना झाला तरी नायट्राइट हलत नसेल तर साधं पांढरं व्हिनेगर रोज १ मिली सिरिंजने आत जाणाऱ्या नळीत द्या आणि ३ मिलीच्या वर जाऊ नका, जास्त झालं की पाणी दुधाळ होतं.

नंतर सगळं बाहेरच्या पाण्यावरून ठरवायचं. नायट्राइट आणि नायट्रेट दोन्ही शून्य आलं की व्हॉल्व्ह किंचित उघडा. नायट्राइट दिसलं तर किंचित बंद. सडक्या अंड्याचा वास आला तर फ्लो फारच कमी झालाय, हायड्रोजन सल्फाइड तयार होतोय आणि तो माशांना विष आहे, तेव्हा नळी लगेच बादलीत सोडा, फ्लो वाढवा, वास गेल्यावरच परत टँकमध्ये. आकडे एका दिवसात बदलत नाहीत, प्रत्येक वेळी फिरवल्यावर तीन-चार दिवस थांबूनच पुढची टेस्ट. आणि टँकमधलं नायट्रेट उतरायला महिना तरी धरा.

मेंटेनन्स फार नाही. आठवड्यातून एकदा मापाने फ्लो मोजा, व्हॉल्व्हमध्ये शेवाळासारखा चिकट थर बसतो आणि फ्लो आपोआप कमी होतो, तो काढून धुवा. मोटरचा स्पंज टँकच्याच पाण्यात पिळा. डबा उघडून आतल्या रिंग धुवायच्या नाहीत. पाणी बदलणं चालूच ठेवा, फक्त कमी वेळा, कारण हा फिल्टर बाकीची घाण काढत नाही.

लाईट गेली तर? तासाभराने काही होत नाही. पण गुरुवारचा दिवसभराचा शटडाऊन असेल तर आतलं पाणी तुंबून सडतं, म्हणून लाईट आल्यावर नळी बादलीत ठेवा, व्हॉल्व्ह पूर्ण उघडून तीन-चार लिटर पाणी वाहू द्या, वास घ्या, आणि मगच ३ मिलीवर आणून टँकला जोडा.