जुन्या खुर्चीला नवं पॉलिश आणि नवी गादी

इथं लाकडी चौकटीची, सुटी होणारी बैठक असलेली खुर्ची धरली आहे. घरी पहिल्यांदा करायला हीच सोपी. विकत घेण्याआधी खुर्ची उलटी करा. बारीक भोकं आणि त्यातून पिठासारखी ताजी भुकटी पडत असेल तर आत कीड जिवंत आहे. अशी खुर्ची घरात आणू नका. नुसती हलत असेल तर काळजी नाही.

बैठक खालून सहसा चार स्क्रूंनी बसवलेली असते. ती काढा. कापड उचकटताना फाडू नका, पिना चपट्या पेचकसानं उचलून पकडीनं ओढा. नवं कापड बेतायला हेच जुनं कापड उपयोगी पडतं.

सांधे पॉलिशच्या आधी. डुगडुगणाऱ्या सांध्याच्या फटीत वरून फेविकॉल भरण्याची चूक सर्रास होते, आणि महिन्याभरात खुर्ची पुन्हा हलते. जुन्या वाळलेल्या गोंदावर नवा गोंद धरत नाही. सांधा रबरी हातोड्यानं हळूहळू सोडवा, दोन्ही बाजू खरवडून कोरं लाकूड दिसू द्या, मग गोंद लावून बसवा. चारही पायांभोवती दोरी बांधून त्यात काठी घाला आणि पीळ देऊन आवळा. खुर्ची सपाट जमिनीवर उभी करून चारही पाय टेकतात ना ते गोंद ओला असतानाच पाहा. मग चोवीस तास हात लावू नका.

आता लाकूड. आधी साबणाच्या ओलसर फडक्यानं मळ काढा. पुष्कळदा काळपटपणा पॉलिशचा नसून हाताच्या तेलाचा असतो. मग दिसणार नाही अशा जागी स्पिरिटचा बोळा घासा. पॉलिश चिकट झालं तर ते लाखेचं आहे. ते सगळं खरवडायची गरज नाही, वरून नवे हात देता येतात. स्पिरिटनं काहीच होत नसेल आणि थर पोपडे धरून सुटत असेल, तरच घासून काढा: 120 नंबरचा पॉलिश पेपर, मग 180, मग 220, कायम लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. आडवं घासलेलं कोरड्या लाकडावर दिसत नाही, पहिला हात बसला की प्रत्येक ओरखडा उठून येतो. जुना ऑइलपेंट असेल तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं. रंग काढायचं रसायन वापरा.

पॉलिशचे जाड दोन हात देण्यापेक्षा पातळ चार द्या, आणि पूर्ण वाळलेल्या प्रत्येक हातावर 320 नंबरचा पेपर अलगद फिरवा. दमट हवेत लाखेचं पॉलिश पांढुरकं पडतं, म्हणून कोरडा दिवस निवडा. जवसाचं तेल वापरलंत तर त्याची फडकी चुरगळून टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा.

गादीसाठी 40 डेन्सिटीचा, 50 मिलिमीटर जाडीचा फोम घ्या. फार मऊ फोम बसताच दबतो आणि बैठकीची खालची फळी, म्हणजे प्लाय, टोचते. फोमवर पॉलिएस्टरच्या कापसाचा पातळ थर दिला की कडा गोल दिसतात. कापड चारही बाजूंनी प्लायखाली किमान पाच सेंटिमीटर वळेल एवढं कापा.

सगळी मेख ताणात आहे. प्लायच्या आणि कापडाच्या चारही कडांचे मध्य खुणेनं दाखवा. मागच्या कडेच्या मध्यावर एक पिन, मग समोरच्या मध्यावर, मग डावी, उजवी. तिथून दोन-दोन पिना मारत कोपऱ्यांकडे सरका, पण कोपऱ्यापाशी पाच सेंटिमीटर आधी थांबा. एक बाजू सलग मारून मोकळे झालात तर कापडावरची चौकडी तिरकी जाते आणि मग सगळ्या पिना काढाव्या लागतात. कोपऱ्यात कापडाचं टोक आधी आतल्या बाजूला ओढून पिन मारा, नंतर दोन्हीकडच्या चुण्या त्यावर घ्या. मखमल असेल तर लव मागून पुढे झोपलेली ठेवा.

खाचेत बसणारी बैठक असेल तर जाड कापड घेण्याआधी चौकट आणि प्लाय यांमधली फट पाहा. दोन-तीन मिलिमीटर फटीत जाड कापड ठोकून बसवलं की चौकटीचे सांधे उघडतात. अशा वेळी प्लायच्या कडा थोड्या घासून घ्या. बैठक परत लावताना जुनेच स्क्रू वापरा. लांब स्क्रू प्लायमधून आरपार जाऊन फोममध्ये टोक काढतो.